पक्षाघात : ओळख, पहिले काही तास आणि त्याआधीची अनेक वर्षे

आपल्या वार्षिक अहवालात एखाद्या आजाराची विस्ताराने माहिती द्यावी, अशी सूचना अनेक हितचिंतकांकडून येत असते. यंदा त्यासाठी पक्षाघात हा विषय निवडण्यामागे आमच्या मनात एक निश्चित कारण आहे. हृदयविकाराचा झटका आला की आता खेड्यातील कुटुंबही थांबत नाही. छातीत कळ आली, दरदरून घाम फुटला, की मिळेल त्या वाहनाने रुग्णास आणले जाते. पक्षाघाताच्या बाबतीत अजून तसे घडत नाही. हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले, तर ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणून तेल चोळले जाते, शेक दिला जातो, कोणी कबुतराचे रक्त लावावयास सांगतो आणि अखेर ‘रात्र निघून जाऊ द्या, सकाळी बघू’ असे ठरते. असे ठरविणारी माणसे निष्काळजी नसतात; रात्रभर उशाशी जागून बसणारी हीच माणसे असतात. पक्षाघात बहुधा दुखत नाही, हे त्याचे खरे कपट आहे. दुखला असता तर तीच माणसे धावत आली असती.

म्हणून प्रारंभीच सांगावयाचे ते हे की, हा हातापायाचा किंवा चेहऱ्याचा रोग नव्हे. हात निर्दोष असतो. त्याला हुकूम देणारा मेंदूचा भाग निकामी होत असतो. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के; परंतु शरीरास लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू एकटा मेंदू वापरतो आणि त्याची साठवण करण्याची सोय त्याच्यापाशी नाही. रक्ताचा प्रवाह खंडित झाला की काही मिनिटांतच पेशी मरू लागतात. अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली याचा हिशेब मांडला. मोठी रक्तवाहिनी बंद पडून होणाऱ्या पक्षाघातात, उपचार न झाल्यास, दर मिनिटास सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात. मेलेली चेतापेशी परत येत नाही. सकाळपर्यंत थांबणे म्हणजे काय, हे या आकड्यावरून ध्यानात यावे.

मेंदूची डावी बाजू शरीराच्या उजव्या बाजूवर आणि उजवी बाजू डाव्या बाजूवर सत्ता चालविते. बहुतेक माणसांची वाचा डाव्या मेंदूत असते. उजवा हात लुळा पडलेल्या रुग्णाचे बोलणेही अनेकदा जाते, त्याचे कारण हेच. अशा रुग्णास आपले बोलणे कळत असूनही शब्द सापडत नाहीत, किंवा शब्द येतात पण भलतेच येतात. त्यास ‘भ्रम झाला’ असे समजू नये.

एकच नाव, निराळे आजार

पक्षाघाताचे दोन मोठे वर्ग आहेत आणि त्यांचे उपचार परस्परविरुद्ध आहेत, ही गोष्ट नातेवाइकांनी अवश्य जाणून घ्यावी. पहिल्या वर्गात मेंदूकडे जाणारी रोहिणी गुठळीने बंद होते. शंभरांतील सुमारे ८० ते ८५ पक्षाघात या प्रकारचे असतात. दुसऱ्या वर्गात रक्तवाहिनी फुटून मेंदूत किंवा मेंदूभोवती रक्तस्राव होतो. एकात रक्त पातळ करावयाचे, गुठळी विरघळवावयाची. दुसऱ्यात नेमके तेच केले तर रुग्णाच्या जिवावर बेतते. बाहेरून मात्र दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात. तोच लुळा हात, तेच वाकडे तोंड. कितीही अनुभवी डॉक्टर असला तरी केवळ तपासून त्याला हा भेद खात्रीने सांगता येत नाही.

तो भेद दाखविणारे यंत्र म्हणजे सी.टी. स्कॅन. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी तयार केलेल्या या यंत्रावर १९७१ साली लंडनच्या एका रुग्णालयात प्रथमच एका जिवंत माणसाच्या मेंदूचे चित्र काढले गेले, आणि १९७९ साली त्यांना व ॲलन कॉर्मॅक यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे, कारण रात्रीच्या वेळी अतिदक्षता विभागाच्या दारात त्यावरून फार वेळ जातो. ‘स्कॅन नॉर्मल आला म्हणता, मग एवढे मोठे इंजेक्शन कशासाठी?’ असे नातेवाईक विचारतात. प्रश्न रास्त आहे. ताजा रक्तस्राव स्कॅनमध्ये तत्काळ पांढरा दिसतो. गुठळीने झालेली इजा मात्र पहिल्या काही तासांत बहुधा दिसतच नाही. म्हणजे लक्षणे पक्षाघाताची आहेत आणि स्कॅनमध्ये रक्त नाही, हेच डॉक्टरांना हवे असलेले उत्तर असते. तो स्कॅन काय आहे हे पाहण्यापेक्षा काय नाही हे पाहण्यासाठी काढलेला असतो.

गुठळी कोठून येते, याचीही निरनिराळी उत्तरे आहेत. मानेतील किंवा कवटीच्या आतील मोठ्या रोहिणीत चरबीचे थर साचून ती अरुंद होते आणि तेथे गुठळी धरते. मेंदूच्या खोल भागातील केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने व मधुमेहाने कठीण होऊन बंद पडतात. अशा वेळी इजा छोटी असते, परंतु जागा मोक्याची असल्यास अर्धे अंग जाते. तिसरे उगमस्थान हृदय. वयोमानाने काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित पडू लागतात. वरच्या कप्प्यात रक्त साचून गोठते आणि तेथून सुटलेली गुठळी थेट मेंदूत जाते. अशा अनियमिततेने पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. आपल्याकडे याला आणखी एक दुःखद बाजू आहे. लहानपणी घसा दुखून आलेल्या सांधेतापाने हृदयाची झडप अरुंद झालेली असते, आणि तिशीतील स्त्री एके दिवशी भाकरी थापताना कोसळते. तिला धाप लागत होती, पण ‘अशक्तपणा आहे’ म्हणून ती धाप तिने अंगावर काढलेली असते. अशा रुग्णांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि त्यासाठीची नियमित रक्ततपासणी चुकवू नये.

रक्तस्रावाचेही दोन प्रकार. अनियंत्रित रक्तदाबाने मेंदूच्या आतील बारीक वाहिनी फुटते, हा नेहमीचा. दुसऱ्या प्रकारात मेंदूच्या पृष्ठभागावरील रोहिणीस आलेला फुगा फुटतो. तेव्हा क्षणार्धात अशी डोकेदुखी सुरू होते की, रुग्ण स्वतःच ‘असे डोके आयुष्यात कधी दुखले नव्हते’ असे सांगतो. मान ताठ होते, उलट्या होतात, शुद्ध हरपते. हातपाय मात्र चालत असू शकतात, त्यामुळे ‘पित्त झाले’ म्हणून गोळी दिली जाते. विजेसारखी अचानक आलेली डोकेदुखी ही पित्ताची समजू नये, एवढे तरी वाचकांनी लक्षात ठेवावे.

या दोहोंत न बसणारा एक प्रकार आहे आणि तो तरुण स्त्रियांना गाठतो. मेंदूतून अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या नीला गुठळीने बंद होतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्त गोठण्याची प्रवृत्ती मुळातच वाढलेली असते. त्यात बाळंतिणीस पाणी कमी द्यावे ही जुनी रीत पाळली गेली की धोका आणखी वाढतो. वाढत जाणारी डोकेदुखी, धूसर दिसणे, आकडी येणे, मग एका बाजूची शक्ती जाणे असा क्रम दिसतो. बाळंतिणीच्या आकडीला बाहेरची बाधा समजून तिला दोन दिवस घरी ठेवले गेल्याचे आम्ही पाहिले आहे. तिला भरपूर पाणी द्यावे, यात कसलाही अपाय नाही. तसेच घरातील पूजा, लग्न वा यात्रेसाठी मासिक पाळी पुढे ढकलण्याच्या संप्रेरकांच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून घेऊ नयेत. अशा गोळ्यांनंतरही हा आजार झाल्याचे डॉक्टरांना आढळले आहे. सुदैवाने वेळीच निदान झाल्यास या प्रकारातील बहुतेक रुग्ण चांगले सुधारतात.

घरी ओळखावे कसे

त्यासाठी यंत्र लागत नाही. माणसास हसावयास सांगावे. ओठांची एक बाजू खाली राहते का ते पाहावे. डोळे मिटून दोन्ही हात समोर उचलावयास सांगावे. एक हात हळूहळू खाली येतो का ते पाहावे. एखादे साधे वाक्य म्हणावयास सांगावे. शब्द अडखळतात किंवा चुकतात का ते ऐकावे. या तिन्हींपैकी एक जरी खूण अचानक आलेली असेल तरी घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी आणि निघावे. एकाएकी एका डोळ्याने किंवा एका बाजूचे दिसेनासे होणे, तोल जाऊन उभे राहता न येणे, एक वस्तू दोन दिसणे, याही पक्षाघाताच्याच खुणा असू शकतात. केवळ चेहऱ्याची नस सुजूनही तोंड वाकडे होते आणि तो आजार बहुधा बरा होतो, हे खरे; पण तो निर्णय घरी करण्याचा नाही.

ही वेळ कोणती, याविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे. लक्षणे दिसली ती वेळ नव्हे, तर रुग्ण शेवटचा धडधाकट कोणी व केव्हा पाहिला, ती वेळ डॉक्टर धरतात. आजोबा पहाटे उठले ते लुळ्या हातानेच, तर रात्री झोपताना ते ठीक होते ती वेळ मोजली जाते. मात्र रात्री तीन वाजता ते स्वतः उठून लघवीस जाऊन आले हे कोणी पाहिले असेल, तर सगळा हिशेब बदलतो. म्हणून रुग्णासोबत शेजाऱ्यापेक्षा ज्याने त्यास शेवटचे पाहिले तो माणूस यावा. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून आणावीत. त्यांत रक्त पातळ करण्याची गोळी असेल तर ते दारातच सांगावे.

निघण्यापूर्वी काय करू नये, हे अधिक महत्त्वाचे. पाणी, चहा, औषध तोंडाने देऊ नये. गिळण्याची शक्ती गेलेली असते आणि घोट श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. ॲस्पिरिन हृदयविकारात देतात म्हणून येथे देऊ नये, कारण आत रक्तस्राव असेल तर तीच गोळी घातक ठरेल. रक्तदाब वाढलेला दिसला तरी तो घरी झटपट उतरविण्याचा प्रयत्न करू नये; गुठळीने उपाशी पडलेल्या मेंदूस त्या वेळी त्या दाबाचाच आधार असतो. घरी साखर मोजण्याचे यंत्र असल्यास साखर मात्र पाहावी, कारण मधुमेही माणसाची साखर फार उतरली तर पक्षाघातासारखेच चित्र दिसते. रुग्णास कुशीवर निजवून आणावे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. आणि जेथे सी.टी. स्कॅन नाही अशा ठिकाणी आधी नेऊन दोन तास सलाइन लावण्यात वेळ दवडू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

वेळेत आलेल्या रुग्णास काय लाभते, ते सांगतो. गुठळी विरघळविणाऱ्या इंजेक्शनचा निर्णायक अभ्यास १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. लक्षणे सुरू झाल्यापासून ३ तासांत ते दिलेल्या रुग्णांत, तीन महिन्यांनी अपंगत्व नसलेल्यांचे किंवा नाममात्र असलेल्यांचे प्रमाण निदान ३० टक्क्यांनी अधिक होते. २००८ सालच्या युरोपातील अभ्यासानंतर ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढली. परंतु हे औषध निर्धोक नाही. १९९५ च्या त्याच अभ्यासात शंभरांतील सुमारे ६ जणांना मेंदूत रक्तस्राव झाला. म्हणूनच संमतीपत्रावर सही घेण्यापूर्वी डॉक्टर ही जोखीम स्पष्ट सांगतात. त्यामागे घाबरविण्याचा हेतू नसतो. जितका उशीर तितका लाभ कमी आणि जोखीम तीच, हे मात्र ध्यानी घ्यावे. मोठी रोहिणी बंद असल्यास जांघेतून बारीक नळी घालून गुठळी ओढून काढण्याची पद्धत २०१५ च्या अभ्यासांनी सिद्ध झाली आणि निवडक रुग्णांत ती २४ तासांपर्यंत उपयोगी पडते, असे २०१८ साली दिसून आले. ही सोय मोठ्या शहरांतच आहे. तेव्हा ‘पुढे न्यावे लागेल’ असे सांगितले गेल्यास तेथे नातेवाइकांच्या चर्चेत तास घालवू नये.

येऊन गेलेले वारे

एका किराणा दुकानदाराची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. हिशेब लिहिताना त्यांच्या उजव्या हातातून पेन गळाले. दहा मिनिटे बोलणे जड झाले. मग सर्व पूर्ववत झाले. त्यांनी दुकान चालू ठेवले. तिसऱ्या दिवशी त्यांना आमच्याकडे आणले तेव्हा त्यांची वाचा गेलेली होती आणि ती पुरती परत आली नाही. अशा क्षणिक पक्षाघातात गुठळी येते आणि आपोआप विरघळते, एवढेच. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात असा झटका येऊन गेलेल्या शंभरांपैकी सुमारे दहा जणांना तीन महिन्यांत मोठा पक्षाघात झाला, आणि त्यांतील निम्म्यांना तो पहिल्या दोन दिवसांतच झाला. उलट, अशा रुग्णांवर तत्काळ उपचार सुरू केल्यास पुढील धोका सुमारे ८० टक्क्यांनी घटतो, हे ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी २००७ साली दाखवून दिले. औषधे साधीच होती. फक्त ती लगेच दिली गेली. बरे वाटले म्हणून न येणे, हे या आजारात सर्वांत महाग पडते.

आधीची वर्षे

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ असल्याचे हृदयविकारतज्ज्ञ डॉ. हॉवर्ड ब्रूएन यांनी नोंदविले. त्या काळी त्यावर परिणामकारक औषध नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी डोक्याच्या मागील बाजूस असह्य दुखत असल्याचे सांगून ते कोसळले. त्या वेळी दाब ३०० वर होता आणि काही तासांत मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला. जगातील सर्वांत सामर्थ्यवान गणल्या गेलेल्या माणसास जी गोळी मिळू शकली नाही, ती आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. आणि तरीही ती घेतली जात नाही.

कारण पुन्हा तेच. रक्तदाबही दुखत नाही. ‘मला काही त्रास नाही’, ‘एकदा गोळी सुरू झाली की सुटत नाही’, ‘आता दाब नॉर्मल आला म्हणून बंद केली’ ही वाक्ये बाह्यरुग्ण विभागात रोज ऐकू येतात. दाब नॉर्मल आला तो गोळीमुळे आला, हे समजावणे हेच आमच्या डॉक्टरांचे निम्मे काम होऊन बसले आहे. वरचा आकडा १० ने जरी खाली आला तरी पक्षाघाताचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतो. भारतासह ३२ देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २०१६ साली असे आढळले की, सुमारे ९० टक्के पक्षाघातांचा संबंध टाळता किंवा आटोक्यात ठेवता येण्यासारख्या दहा गोष्टींशी जोडता येतो, आणि त्यांत रक्तदाबाचा वाटा सर्वांत मोठा आहे. उरलेल्यांत तंबाखू, मधुमेह, मेदद्रव्ये, पोटाचा घेर, बैठे जीवन, मद्य, आहार, मानसिक ताण आणि हृदयविकार येतात.

आहाराबद्दल एवढेच की, जागतिक आरोग्य संघटनेने दिवसास ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे, म्हणजे चहाचा एक चमचाही नव्हे. लोणचे, पापड, खारवलेली मासळी आणि ताटात वरून घेतलेले मीठ यांत ते केव्हाच ओलांडले जाते. तंबाखू म्हटले की विडी-सिगारेट डोळ्यांपुढे येते. परंतु आपल्या भगिनी सकाळी दातांना लावतात ती मशेरी हीदेखील जाळलेली तंबाखूच आहे, आणि तिचा प्रश्न डॉक्टरांनी विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

ज्यांच्या घरी पक्षाघात होऊन गेला आहे, त्यांनी धीर सोडू नये. लुई पाश्चर यांना १८६८ साली, वयाच्या ४५ व्या वर्षी पक्षाघात झाला. डाव्या हातापायातील अधूपणा अखेरपर्यंत राहिला. आणि रेबीजची लस त्यांनी त्यानंतर, १८८५ साली दिली. व्यायामोपचार पहिल्या काही दिवसांतच सुरू करावेत. रुग्णास उठविताना लुळा हात धरून ओढू नये, खांदा निखळतो. दर दोन तासांनी कूस बदलावी. तो एकाएकी रडू लागला किंवा गप्प राहू लागला तर तो हट्ट नसून बहुधा नैराश्य असते आणि त्यावरही औषध आहे.

विश्वस्त व देणगीदार यांच्यापुढे एक विचार मांडतो. यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते, गोळीवर येत नाही. त्यामुळे यंत्रासाठी दाते मिळतात आणि रात्रपाळीच्या तंत्रज्ञाच्या वेतनास किंवा गरीब रुग्णाच्या वर्षभराच्या गोळ्यांना मिळणे अवघड जाते. यंत्रे हवीतच. पण रात्री दोन वाजता ते चालविणारा माणूस नसेल तर त्या यंत्राचा पक्षाघाताच्या रुग्णास उपयोग नाही, आणि ज्यास गोळी नियमित मिळाली तो त्या यंत्रापर्यंत बहुधा येतच नाही. पुढील वर्षी या दोन गोष्टींसाठी स्वतंत्र निधी उभारला जावा, अशी आमची इच्छा आहे.

रुग्णास भेटावयास येणाऱ्या सर्वांनी बाह्यरुग्ण विभागात स्वतःचा रक्तदाब मोजून घ्यावा. त्यासाठी केसपेपर काढावा लागत नाही व शुल्क आकारले जात नाही. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, अर्धा तास आधी चहा व तंबाखू घेऊ नये, आणि आकडा १४०/९० किंवा त्याहून अधिक आल्यास निराळ्या दिवशी पुन्हा येऊन खात्री करून घ्यावी.